वाचकांचे प्रश्न : ‘अनलिमिटेड’ १९ तारखेला संपलं, ते कसं?

या महिन्यात घरच्या ब्रॉडबँडबद्दल इतकी पत्रं आली की हे सदर त्यांनाच द्यावं लागलं. सारख्या मजकुराची पत्रं एकत्र केली आहेत.

आमच्या प्लॅनवर ‘अनलिमिटेड, १०० एमबीपीएस’ असं लिहिलंय. गेल्या महिन्यात १९ तारखेला वेग एकदम २ वर आला तो महिनाअखेरपर्यंत तसाच. जादा बिल नाही आलं. पण ही फसवणूकच नाही का?
*निवृत्त शिक्षक, नाशिक*

जाहिरातीची भाषा चलाख आहे, बेकायदा नाही. कंपनीच्या लेखी ‘अनलिमिटेड’ म्हणजे महिनाभर जोडणी चालू राहील आणि जादा पैसे पडणार नाहीत, एवढंच. पूर्ण वेग किती जीबीपर्यंत, ते खाली बारीक अक्षरात असतं. त्या ओळीला एफयूपी म्हणतात, फेअर यूसेज पॉलिसी. फायबरच्या बऱ्याच घरगुती प्लॅनमध्ये हा आकडा महिन्याला ३३०० जीबी असतो. फाइव्ह-जीवरून हवेतून येणाऱ्या काही जोडण्यांत तो १००० जीबी आहे, आणि गल्लीतल्या केबलवाल्याच्या स्वस्त प्लॅनमध्ये त्याहूनही कमी सापडेल.

३३०० जीबी म्हणजे किती? १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला १२.५ मेगाबाइट आणि तासाला ४५ जीबी. नळ पूर्ण सोडून ठेवला तर ३३०० जीबी तीन दिवस आणि एका तासात रिकामे. महिन्यावर पसरले तर रोज ११० जीबी येतात. चार माणसांच्या घरात नुसत्या पाहण्या-बोलण्यासाठी एवढं सहसा लागत नाही. तेव्हा तुमच्या प्लॅनची मर्यादा ३३००चीच असेल आणि ती १९ला संपत असेल, तर कंपनीवर चिडण्याआधी घरात कुठे गळती आहे का ते पाहा. पुढचं उत्तर त्याबद्दलच आहे.

तुमच्या बाजूनेही नियम आहेत. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक. त्याच्या ऑक्टोबर २०१६ च्या निर्देशाप्रमाणे मर्यादा किती, तोवर वेग किती आणि त्यानंतर किती, या तिन्ही गोष्टी कंपनीने उघड सांगायच्या आहेत. वापर ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर पोचला की प्रत्येक वेळी एसएमएस किंवा ईमेलने कळवायचं आहे. मर्यादा संपल्यावरही वेग ५१२ केबीपीएसच्या खाली न्यायचा नाही. शिवाय जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँडची व्याख्याच किमान २ एमबीपीएस अशी झाली आहे, त्यामुळे त्याखाली गेलेल्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणून विकणं आमच्या मते अवघड आहे.

‘मला तर एकही मेसेज आला नाही’ अशी बऱ्याच जणांची तक्रार आहे. आधी तुमच्या खात्यावर कोणता मोबाइल नंबर नोंदला आहे ते ॲपमध्ये पाहा. जोडणी देताना केबलवाल्याच्या पोऱ्याने घाईत स्वतःचाच नंबर टाकलेला असतो आणि तुमचे सगळे इशारे वर्षभर त्याच्या फोनवर जात राहतात. हे फार वेळा घडतं.

घरात आम्ही दोघं, मुलं बाहेरगावी. चार कॅमेरे आहेत, एक फोर-के टीव्ही. ३३०० जीबी महिन्याच्या आतच संपतात. डेटा जातो कुठे?
*व्यापारी, कोल्हापूर*

तुमच्या पत्रात पुढे एक वाक्य आहे: ‘दुकानात बसून घरचे चारही कॅमेरे दिवसभर स्क्रीनवर दिसतात.’ उत्तर बरंचसं तिथेच आहे.

एक बऱ्यापैकी कॅमेरा मुख्य प्रवाहात साधारण २ एमबीपीएस पाठवतो. चार कॅमेरे म्हणजे ८ एमबीपीएस, तासाला ३.६ जीबी. दुकान दहा तास उघडं म्हणजे रोज ३६ जीबी आणि महिन्याला १०८० जीबी, आणि हा सगळा अपलोड. मर्यादा मोजताना बहुतेक कंपन्या वर गेलेलं आणि खाली आलेलं दोन्ही धरतात. भरीस भर म्हणजे तेच १०८० जीबी दुकानाच्या जोडणीत डाउनलोड म्हणून पुन्हा मोजले जातात. एकाच चित्राचे दोन ठिकाणी हिशेब.

कॅमेरे चोवीस तास थेट क्लाउडवर रेकॉर्ड करत असतील तर आणखी वाईट. एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी, चार मिळून ८६.४, महिन्याला जवळजवळ २६०० जीबी. उरलेल्या ७०० जीबीत बाकीचं घर. याउलट रेकॉर्डिंग घरातल्या एनव्हीआरवर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्यावर) किंवा कॅमेऱ्यातल्या कार्डवर होत असेल तर तो डेटा घरातल्या घरात फिरतो. कंपनीच्या मीटरपर्यंत तो पोचतच नाही.

करायचं ते असं. दुकानातल्या स्क्रीनसाठी ॲपमध्ये मुख्य प्रवाहाऐवजी सब-स्ट्रीम (त्याच चित्राचा हलका प्रवाह) निवडा आणि ती ५१२ केबीपीएसवर ठेवा. चार खिडक्यांच्या चित्रात डोळ्याला फरक कळत नाही आणि डेटा चौथाई होतो: १०८०चे २७० जीबी. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच.२६४ऐवजी एच.२६५ हे कोडेक (चित्र दाबून लहान करायची पद्धत) निवडता येत असेल तर निवडा आणि सोबत बिटरेट, म्हणजे सेकंदाला जाणारे बिट, हाताने खाली आणा. नुसतं कोडेक बदलून बिटरेट २ एमबीपीएसवरच स्थिर ठेवला तर चित्र जरा सुधारतं, डेटा तेवढाच जातो. इथे बरेच जण फसतात. क्लाउड हवंच असेल तर ‘हालचाल झाली तरच’ हा पर्याय ठेवा, पण कॅमेऱ्यासमोर हलणारं झाड किंवा वाहता रस्ता असेल तर तो भाग हालचालीच्या चौकटीतून वगळा. नाहीतर रात्रभर वारा रेकॉर्ड होतो.

टीव्हीचा हिशेब नेटफ्लिक्स स्वतःच देतं: साध्या दर्जाला तासाला १ जीबीपर्यंत, एचडीला ३, फोर-केला ७. रोज चार तास फोर-के म्हणजे महिन्याला ८४० जीबी. टीव्ही बंद करून सेट-टॉप बॉक्स चालू ठेवायची सवय असेल तर यूट्यूब एकामागून एक व्हिडिओ लावत राहतं आणि समोर कुणीही नसतं. ऑटोप्ले बंद करा.

बाकीच्या गळत्या लहान, पण नोंद घेण्यासारख्या. विंडोजचा संगणक आलेले अपडेट अनोळखी संगणकांना वाटत बसू शकतो. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन या वाटेने जा आणि इंटरनेटवरच्या संगणकांचा पर्याय काढून ‘फक्त घरच्या नेटवर्कवरचे’ एवढंच ठेवा. मोठ्या गेमचा एकेक अपडेट कित्येक डझन जीबींचा असतो, तेव्हा सुट्टीला नातू आला की महिन्याचा आलेख उंचावतोच. आणि वायफायचा पासवर्ड म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर ठेवला असेल तर तो आजच बदला.

अजून शंका राहिली तर रात्रीची चाचणी करा. झोपण्यापूर्वी राउटरच्या पानावर (बहुधा १९२.१६८.१.१) वॅनचा (बाहेरच्या इंटरनेटकडच्या तारेचा) पाठवलेला-आलेला आकडा टिपून घ्या, सकाळी पुन्हा बघा. कंपनीच्या ॲपवरून हे करू नका, त्यातला आकडा काही तास मागे असतो. कुणी काही वापरत नसताना रात्रीत एक-दोन जीबी गेले तर ठीक. पंधरा-वीस गेले तर पुढच्या रात्री एकेक उपकरणाची पिन काढत जा.

माझा राउटर महिन्याला २९०० जीबी दाखवतो, कंपनी ३२००. तीनशे जीबी कुणाच्या खिशात गेले?
*अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली*

त्यातले २२० कुणाच्याच नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. तुमचा राउटर बहुधा १०२४च्या पटीत मोजतो, म्हणजे त्याचा १ जीबी सुमारे १०७.४ कोटी बाइटांचा, आणि तरी पडद्यावर लिहितो ‘जीबी’च. कंपनीचे ३२०० राउटरच्या मापाने २९८० होतात. राहिला फरक ८०चा, पावणेतीन टक्क्यांचा.

तो कुठून येतो ते समजायला मोजणी कशी होते ते पाहू. तुमच्या घरची पीपीपीओई जोडणी (नाव-पासवर्ड देऊन उघडणारी) कंपनीच्या एका मोठ्या यंत्रावर उघडते, त्याला बीएनजी म्हणतात, जुने लोक ब्रास म्हणतात. ते यंत्र प्रत्येक सत्रात (जोडणी उघडल्यापासून तुटेपर्यंत) गेलेले-आलेले बाइट मोजतं आणि ठरावीक मिनिटांनी रेडियस सर्व्हरला, म्हणजे ग्राहकांचा हिशेब ठेवणाऱ्या संगणकाला, कळवतं. सर्व्हर बेरीज करतो, आणि मर्यादा ओलांडली की बीएनजीला उलटा निरोप जातो: ‘याचा वेग कमी कर.’ त्यामुळे कधी कधी सिनेमाच्या मध्यातच वेग पडतो, राउटर बंद-चालू न करताही. बीएनजी बहुधा पॅकेटच्या बाहेरची वेष्टणंही मोजतं, राउटर आतला माल. मोठ्या पॅकेटमध्ये हा फरक एक-दोन टक्के, गेम किंवा कॉलच्या छोट्या पॅकेटमध्ये जास्त. शिवाय वाटेत हरवलेली पॅकेट पुन्हा पाठवली जातात. बीएनजीने मोजून सोडलेलं पॅकेट तुमच्यापर्यंत पोचलं नाही तर ते त्याच्या खात्यावर दोनदा येतं आणि तुमच्या खात्यावर एकदा. तिसरं कारण अगदी घरगुती: लाइट गेली की बऱ्याच राउटरचा आकडा शून्यावर येतो. सांगलीत महिन्यात एकदाही लाइट गेली नाही, असं तुमचं म्हणणं नसावं.

म्हणजे मापाची दुरुस्ती करून पाच टक्क्यांपर्यंत फरक राहिला तर भांडण्यात अर्थ नाही. दहाच्या वर गेला तर आहे. तेव्हा सात दिवस रोज एकाच वेळी दोन्ही आकडे वहीत लिहा आणि कंपनीकडे सत्रवार तपशील मागा: सत्र कधी सुरू झालं, कधी संपलं, किती बाइट वर, किती खाली, कोणत्या मॅक पत्त्यावरून (उपकरणाच्या ओळख क्रमांकावरून). मॅक पत्ता राउटरच्या पोटावरच्या चिकटपट्टीशी ताडून पाहा. लहान कंपन्यांत सगळ्या ग्राहकांना एकच सोपा पासवर्ड देऊन ठेवलेला असतो, आणि मॅक बांधलेला नसेल तर तुमच्या नावाने दुसऱ्याच कुणाच्या घरी जोडणी चालू शकते. तसं आढळलं तर पासवर्ड बदलून घ्या आणि खातं तुमच्या राउटरच्या मॅकशी बांधून मागा.

एक जुनी चूक अजूनही अधूनमधून भेटते. रेडियसचा बाइट मोजणारा काटा ३२ बिटांचा आहे, ४,२९,४९,६७,२९६वर तो भरतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. किती वेळा भरला ते ‘गिगावर्ड्स’ नावाच्या वेगळ्या खणात येतं. बिलिंगवाल्याने तो खण वाचलाच नाही तर ग्राहकाचा वापर कितीही असो, एका सत्रात ४.३ जीबीच्या आतच दिसतो. ही चूक ग्राहकाच्या फायद्याची, म्हणून तिची तक्रार आमच्याकडे कधी आली नाही.

आमच्या केबलवाल्याने आता मर्यादेनंतर कमी वेगाने नेट चालू न ठेवता ‘टॉप-अप घ्या’ असं सुरू केलंय. हे चालतं का? आणि तो म्हणतो, त्याच्या ॲपवरचे सिनेमे मोजले जात नाहीत.
*गृहिणी, डोंबिवली*

टॉप-अप चालतो. किंमत किती ठेवायची यावर ट्रायचं बंधन नाही. दर आधी जाहीर हवा आणि ट्रायला कळवलेला हवा. मात्र तुमच्या चालू प्लॅनमध्ये मर्यादेनंतर कमी वेगाने नेट चालू राहील असं लिहिलं असेल, तर मुदतीच्या मध्येच ते काढून टॉप-अप गळ्यात मारता येणार नाही. पावती किंवा प्लॅनचं पान फोटो काढून ठेवा.

पैशांचं गणित मांडून बघा. समजा प्लॅन ६०० रुपयांचा, वरचा प्लॅन ८००चा, आणि १०० जीबीचा टॉप-अप १५०चा. १८ टक्के जीएसटी धरून दोन प्लॅनमधला फरक २३६ रुपये, टॉप-अप १७७. महिन्याला एकदा लागत असेल तर टॉप-अप बरा, दुसऱ्यांदा घेतलात की वरचा प्लॅन स्वस्त.

सिनेम्यांचं म्हणणं तपासून घ्या. ८ फेब्रुवारी २०१६ च्या ट्राय नियमानुसार आशय पाहून डेटाचा दर वेगळा लावता येत नाही: यूट्यूब मोजायचं आणि दुसरं एखादं संकेतस्थळ फुकट सोडायचं, हे बंद. इंटरनेटवर न जाता त्याच्याच जाळ्यात राहणारा आशय, उदाहरणार्थ त्याचा स्वतःचा आयपीटीव्ही (ब्रॉडबँडच्या तारेवरून येणारा टीव्ही), या नियमाबाहेर आहे.

पूर्वी बीएसएनएलला रात्री २ ते ८ मोफत असायचं. आता तसं का नाही? आणि आपण जास्त जीबी वापरले की कंपनीला खरंच जास्त खर्च येतो का?
*वाचक, दादर*

दुसरा प्रश्न आधी. जीबीमागे खर्च जवळजवळ येत नाही. खर्च येतो गर्दीच्या वेळेचा.

तुमच्या घरापर्यंतची तार, डबा, खांबाचं भाडं, दुरुस्तीचा माणूस हा खर्च तुम्ही १० जीबी वापरा की ३०००, तेवढाच. वरून इंटरनेट विकत घेताना कंपनी जीबीने नाही, एमबीपीएसने घेते. प्रचलित पद्धत अशी की दर पाच मिनिटांनी वेग मोजायचा, महिनाअखेर सर्वांत वरचे पाच टक्के नमुने टाकून द्यायचे आणि त्याखालचा जो सर्वांत मोठा आकडा राहील त्याचे पैसे. पाच टक्के म्हणजे महिन्याचे ३६ तास. रात्री ८ ते ११ची गर्दी रोजची, महिन्याला ९० तास. ती त्या ३६ तासांत मावत नाही, म्हणून बिल तीच ठरवते. पहाटे तीनला कुणी २०० जीबी उतरवले तर त्या बिलात एक रुपयाही वाढत नाही. रात्री नऊला सोसायटीतल्या प्रत्येक घराने एकेक फोर-के सिनेमा लावला तर वाढतो.

गल्लीतली तारही अशीच. जीपॉन (एकच धागा अनेक घरांत वाटायची पद्धत) फायबरच्या एका शाखेवर खाली येणारा वेग एकूण २.४८८ जीबीपीएस आणि ती ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली. ३२ घरांनी एकदम मागितला तर प्रत्येकी सुमारे ७८ एमबीपीएस. १०० चा प्लॅन त्या क्षणी १०० देऊच शकत नाही. सगळे एकदम मागत नाहीत या विश्वासावर हा धंदा चालतो, जसा सार्वजनिक नळाचा. वरची तार हलकी करायला गूगल आणि नेटफ्लिक्स आपले साठ्याचे सर्व्हर मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यातच ठेवतात, त्यामुळे रोज रात्रीचा सिनेमा बऱ्याचदा शहराबाहेरूनही येत नाही.

म्हणून जीबीवर पैसे लावणं हे खर्चाचं माप म्हणून चुकीचं आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. मर्यादा ठेवण्याचं खरं कारण वेगळं: एका घरगुती जोडणीवर अख्खं पीजी किंवा मजला चालवणाऱ्याला अडवायचं असतं, आणि जीबीचा आकडा ग्राहकाला समजावायला सोपा पडतो. त्या कामासाठी ३३०० ठीक आहे. ३०० असेल तर तो कुंपणाचा आकडा नव्हे, वरचा प्लॅन खपवायचा आकडा आहे.

आता बीएसएनएल. २००५ मध्ये डेटावन सुरू झालं तेव्हा वेग २५६ केबीपीएस आणि महिन्याचा कोटा दोन-चार जीबींच्या आतला, वर प्रत्येक एमबीला पैसे. रात्री २ ते ८ मोफत, कारण तेव्हा परदेशाकडे जाणारी महाग तार रिकामी पडून असे. खर्चाशी प्रामाणिक असा तो आमच्या माहितीतला एकमेव घरगुती दर. लोक डाउनलोड मॅनेजरला २ वाजून ५ मिनिटांची वेळ लावून झोपत. घड्याळ पाच मिनिटांहून जास्त पुढे असलेल्यांना बिल येई. आता मर्यादाच एवढी मोठी झाली की सवलतीचं आकर्षण उरलं नाही.

मुलगी शिकागोजवळ राहते. तिला १२०० जीबीनंतर जादा डॉलर पडत होते, न्यू जर्सीतल्या भाच्याला त्याच कंपनीचं नेट असून पडत नव्हते. असं का?
*वाचक, रत्नागिरी*

कॉमकास्ट या अमेरिकी कंपनीची ती जुनी पद्धत: १२०० जीबीनंतर दर ५० जीबीला १० डॉलर, महिन्याला कमाल १००. ईशान्येकडच्या राज्यांत ती लागू नव्हती, जिथे समोर फायबरवाला तगडा प्रतिस्पर्धी होता. २०२५ मध्ये कंपनीने नवे प्लॅन बिनमर्यादेचे केले, त्यामुळे मुलीने जुन्या प्लॅनवरून नव्यावर जाता येतं का ते विचारावं. कॅनडात २०११ च्या सुरुवातीला नियामकाने लहान कंपन्यांवरही वापरानुसार आकारणी लादली, लाखो लोकांनी सह्या केल्या, आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला नवा निर्णय आला: लहान कंपन्यांनी मोठीकडून जीबी नाही, क्षमता विकत घ्यायची. दादरच्या वाचकांनी हे वाचावं.

तक्रार नेमकी कुठे करायची? ट्रायला पत्र पाठवलं, उत्तर नाही.
*तीन वाचक: पुणे, लातूर, पणजी*

ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. फोनवर ‘झालं, बघतो’ असं म्हणाले आणि नंबर दिला नाही, तर तक्रार झालीच नाही असं समजा. केबलवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेजही यात मोजत नाहीत. बिलाच्या तक्रारीला चार ते सहा आठवडे. समाधान झालं नाही किंवा मुदत उलटली तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. ते फुकट आहे, निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. अपिलात डॉकेट नंबर, प्लॅनचं पान आणि सात दिवसांची ती वही जोडा. ‘नेट स्लो आहे’ एवढ्यावर काही होत नाही.

तिथेही नाही जमलं तर दूरसंचार विभागाचा तक्रार कक्ष, १०६३. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. टेलिग्राफ कायद्याचं कारण दाखवून कंपन्या पूर्वी तो अडवत. १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांची ही पळवाट बंद केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा, मर्यादेच्या इशाऱ्यांचे मेसेज न येण्यासारखी प्रकरणं बऱ्याचदा तिथेच मिटतात.